पिप्पा, पॅटन आणि नऊ वर्षांचा जनरल

‘‘मावशी, रणगाड्यात एसी असतो का?’’

‘‘नाही रे. निदान जुन्यांत तरी नव्हता.’’

‘‘मावशी, रणगाडा वाघोलीतून किती वेळात बाहेर पडेल?’’

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं होतं. शनिवारची सकाळ, एरवी मी ज्या वेळी डोक्यावरून पांघरूण ओढून आठवड्याची झोप वसूल करत असते ती वेळ, आणि मी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तसूतसूने पुढे सरकत होते. मागच्या सीटवर नऊ वर्षांचा भाचा, मांडीवर चित्रांची वही, पायाशी लाडू-चकलीचा डबा. आम्ही निघालो होतो नगरला, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरला. २०२४ मध्ये नाव बदललं, पण एसटीच्या स्टँडवर विचारलंत तर अजूनही ‘नगर लागलीय का?’ असंच विचारतात. तिथलं रणगाड्यांचं म्युझियम अर्णवला दाखवायचं होतं. आणि कारण होता एक किल्ला.

ताईच्या सोसायटीत दर दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात. विटा, पोती, पार्किंगमधली लाल माती, वर अळीव पेरलेलं शेत, बाजारातून आणलेले मावळे. गेल्या दिवाळीत त्या किल्ल्यावर एक रणगाडाही चढला. हिरवा, प्लॅस्टिकचा, महाराजांच्या सिंहासनासमोर तोफ रोखून उभा! इथवर हसण्यासारखंच होतं. पण मग अर्णवने अयानला सांगितलं, ‘‘तू आमच्या किल्ल्यात नाहीस. तू पलीकडच्यांकडून.’’

अयान म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा. अर्णवच्याच स्कूलबसमध्ये, त्याच्याच सीटवर बसणारा. ज्याच्या घरचा शीरखुर्मा आमचे चिरंजीव ईदला दोन वाट्या ओरपून येतात, तो. अयान काही बोलला नाही म्हणे. हातातलं मातीचं घमेलं खाली ठेवलं आणि घरी निघून गेला. त्याच्या आईनेही तक्रार केली नाही. फक्त ताई फराळाचं ताट घेऊन गेली, तेव्हा तिने ते दारातच घेतलं. एरवी दोघी दार उघडं टाकून अर्धा तास बोलत बसतात.

ताईने अर्णवला बसवून विचारलं, तर पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, ‘‘टीव्हीवर तसंच सांगतात ना!’’

आता काय बोलणार? मे २०२५ मधले ते दिवस आठवा. ७ मे च्या मॉक ड्रिलचे सायरन, रात्रभर चालणाऱ्या बातम्या, स्टुडिओत बसून युद्ध जिंकणारे अँकर. आपण मोठी माणसं ऑफिसात फॉरवर्ड्स वाचत होतो, आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या पोरांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यात मोबाइलवरचा रणगाड्यांचा गेम. त्यात आपला रणगाडा उडाला, की पाच सेकंदांत नवा मिळतो. अर्णवचं युद्धाचं सगळं ज्ञान या दोन ठिकाणाहून आलेलं.

‘‘मी नेते त्याला नगरला,’’ मी म्हटलं.

‘‘रणगाडे दाखवायला? आगीत तेल ओतायला?’’ ताई म्हणाली.

तिचा मुद्दा बरोबरच होता. आणि खरं सांगते, माझ्याकडे प्लॅन वगैरे काही नव्हता. कॉलेजात असताना एकदा तिथे गेले होते, एवढंच. तेव्हा आम्ही तोफेखाली उभं राहून फोटो काढले आणि भेळ खाल्ली. त्या रणगाड्यांत कधी माणसं बसली असतील, हे डोक्यातही आलं नव्हतं.

रोल्स रॉइस आणि तुपाचा डबा

नगर हे लष्कराच्या रणगाडा दलाचं, आर्मर्ड कोअरचं माहेरघर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलंच. त्यांनीच १९९४ मध्ये हे कॅव्हलरी टँक म्युझियम उभारलं. देशोदेशींची पन्नासच्या आसपास वाहनं इथे आहेत, आणि बहुतेक सगळी उघड्यावर, झाडं आणि हिरवळीच्या मध्ये. काचेच्या कपाटातलं म्युझियम नव्हे हे. पोराला धावायला भरपूर जागा. (वर चढायचं नाही, हे मी गाडीतच तीनदा बजावलं होतं.)

पहिला अर्धा तास मी सपशेल नापास झाले. आदल्या रात्री नेटवरून वाचून गेले होते ना! त्यामुळे पहिलं महायुद्ध, खंदक, काटेरी तारा, १९१६ साली इंग्रजांनी पहिल्यांदा मैदानात उतरवलेले रणगाडे, अशी माझी टेप सुरू झाली. अर्णव तोवर दोन रणगाडे पुढे गेला होता. त्याचा एकच प्रश्न : ‘‘हा किती जणांना उडवू शकतो?’’ मटिल्डासमोर तेच, व्हॅलेंटाइनसमोर तेच, चर्चिलसमोर तेच. मला ताईचं ‘आगीत तेल’ ऐकू यायला लागलं.

मग मी गप्प बसायचं ठरवलं. आणि गंमत म्हणजे, मी गप्प बसल्यावर तो बघायला लागला.

रोल्स रॉइसपाशी तो पहिल्यांदा थांबला. हो, तीच ती श्रीमंतांची गाडी! पहिल्या महायुद्धाच्या काळात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि वर मशिनगनचा घुमट बसवून चिलखती गाड्या तयार केल्या गेल्या. ‘‘म्हणजे आपल्या कारलाही असं करता येईल?’’ त्याने विचारलं. माझ्या सेकंडहँड आल्टोकडे त्याने इतक्या आदराने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जपानी रणगाड्यापाशी थोडं थांबलो. १९४४ मध्ये जपानी सैन्य इम्फाळ-कोहिमापर्यंत आलं होतं, हे ऐकून तो चकित झाला. त्याच्या हिशेबात आपली लढाई कायम एकाशीच. पण खरा जीव जडला तो पीटी-७६ वर. रशियन बनावटीचा, चौदा टनांचा, आणि चक्क पाण्यावर तरंगणारा रणगाडा. १९७१ च्या युद्धात, आज जो बांगलादेश आहे त्या नद्यानाल्यांच्या मुलखात, तो फार उपयोगी पडला. जवान त्याला लाडाने ‘पिप्पा’ म्हणत. तुपाचा रिकामा डबा पाण्यात टाकला की कसा तरंगतो, तसा हा! यावरून त्याच नावाचा सिनेमाही २०२३ मध्ये आला होता.

‘‘पिप्पा!’’ अर्णव हसून हसून वाकडा झाला. वहीत त्याने पहिलं चित्र काढलं ते पिप्पाचं. खाली पाणी, पाण्यात मासे, आणि माशांच्या तोंडावर आश्चर्य.

नाव काय त्याचं?

मग आला पॅटन.

पॅटन हे नाव आपल्या आईवडिलांच्या पिढीला बरोबर माहीत आहे. अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत म्हणून दिलेला, त्या काळातला दबदबा असलेला रणगाडा. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरण भागात ते मोठ्या संख्येने चालून आले. आपल्याकडचे बरेचसे रणगाडे त्यांच्यापुढे जुने आणि हलके. मग असल उत्तर गावाजवळ आपल्या सैन्याने काय केलं? शेतांत पाणी सोडलं. उसाच्या उभ्या पिकात आपले रणगाडे आणि तोफा घोड्याच्या नालाच्या आकारात लपवल्या. आणि वाट पाहिली. चिखलात रुतलेले पॅटन एकामागून एक टिपले गेले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे शंभराच्या घरात रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. जवळच्या भिखीविंडला ते ओळीने आणून ठेवले, तर त्या जागेचं नावच ‘पॅटन नगर’ पडलं!

हे सगळं मी त्याला शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यासारखं रंगवून सांगितलं. उसात लपलेले सैनिक म्हटल्यावर साहेब खूश. मग मी जीपवाल्याची गोष्ट सांगितली. रणगाड्यासमोर एक साधी उघडी जीप, तिच्यावर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन. पत्रा नाही, चिलखत नाही. एक हवालदार उसाच्या आडून येतो, रणगाडा अगदी जवळ आला की गोळा झाडतो आणि लगेच जागा बदलतो, कारण एकदा गोळा झाडला की आपण कुठे आहोत ते सगळ्यांना कळतं. असं त्याने पुन्हा पुन्हा केलं. १० सप्टेंबरला एका रणगाड्याने त्याला हेरलं. दोघांनीही एकमेकांवर नेम धरला. त्यात तो गेला. त्याला परमवीर चक्र मिळालं.

‘‘उघड्या जीपमध्ये?’’ अर्णव पॅटनच्या साखळीपट्ट्यांकडे बघत होता. पट्ट्याची उंची जवळजवळ त्याच्या खांद्याइतकी. ‘‘नाव काय त्याचं?’’

‘‘अब्दुल हमीद. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडचा. त्याचे वडील शिंपी होते.’’

तो काहीच बोलला नाही. बुटाच्या टोकाने खडी उडवत राहिला. माझ्या तोंडात पुढचं वाक्य अगदी तयार होतं हो! ‘बघ, म्हणजे अयानसुद्धा...’ असं काहीतरी. मी ते गिळलं. पोराला कळलं असेल तर सांगायची गरज नाही, आणि कळलं नसेल तर माझ्या भाषणाने कळणार नाही. मीटिंगमध्ये बॉससमोर गप्प बसणं यापुढे काहीच नाही.

पाच सेकंदांत नवा मिळत नाही

सेंच्युरियन दिसायला अगदी गेममधल्यासारखा. पन्नासेक टनांचं धूड. ऑक्टोबरचं ऊन, अर्णवने हात लावला आणि चटकन मागे घेतला. ‘‘मावशी, बाहेरून एवढा तापला, तर आत?’’

‘‘आत चार जण.’’

‘‘चार? कुठे?’’

मग आम्ही वहीत आतलं चित्र काढलं. पुढे उजवीकडे खाली ड्रायव्हर, एकटा. वर घुमटात गनर, त्याच्या मागे कमांडर, डावीकडे गोळे भरणारा लोडर. त्यातच गोळे, वायरलेस, आणि मधोमध तोफेचा मागचा भाग. प्रत्येक गोळ्यासरशी तो मागे येतो. चित्रात चौघांना बसवताना अर्णवने दोनदा खोडरबर वापरलं. मावेनात!

याच जागेवर मी त्याला अरुण खेत्रपालबद्दल सांगितलं. जन्म पुण्याचा, १९५०. शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. हीच ती रेजिमेंट, जिचे कर्नल तारापोर १९६५ च्या लढाईत गेले आणि परमवीर ठरले. युद्धाची चाहूल लागली तेव्हा अरुण इथेच, नगरला, तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. म्हणजे आम्ही चकली खात उभे होतो, त्याच गावातून तो आघाडीवर गेला. सामानात त्याने म्हणे गोल्फ स्टिक्सही घेतल्या होत्या. लाहोरला जिंकल्यावर खेळायला. वय वर्षं एकवीस. आमच्या टीममध्ये कॅम्पसमधून येणारी पोरं याच वयाची असतात. कॅबचं बिल कसं क्लेम करायचं, ते विचारायला येतात.

१६ डिसेंबर १९७१. बसंतर नदीच्या पलीकडची लढाई. त्याच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. सेंच्युरियनच. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, तेव्हा बाहेर पडायचा हुकूम वायरलेसवरून आला. त्याने कळवलं, माझी तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही. चार रणगाडे त्याच्या नावावर लागले. मग आणखी एक गोळा आला.

‘‘पण तू तर गाडीत म्हणालीस, पत्रा एवढा जाड असतो की आत काही होत नाही!’’

म्हणाले होते खरी. वाघोलीत. सोपं उत्तर म्हणून, पुढचा प्रश्न टळावा म्हणून. आता पकडले गेले.

‘‘मी चुकीचं सांगितलं,’’ मी म्हटलं. ‘‘होतं. आतही होतं.’’

‘‘मग त्याला दुसरा रणगाडा नाही मिळाला?’’

‘‘नाही रे राजा. दुसरा मिळत नाही.’’

‘‘आणि बाकीचे?’’

‘‘त्याचा गनर वाचला.’’

मग तो बराच वेळ वहीतल्या त्या चौघांकडे बघत होता. मी उगाच पुढचं बोलून गेले, की त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, लढाई सगळीकडेच थांबली.

‘‘एक दिवस आधीच का नाही थांबवली?’’

यावर काय सांगायचं? मला खरंच उत्तर आलं नाही. ‘‘मला माहीत नाही,’’ म्हटलं. त्या दिवशीचं माझं सगळ्यात प्रामाणिक वाक्य बहुतेक तेच.

फामागुस्ता आजही नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. पण अर्णवला रणगाड्यापेक्षा अरुणच्या बाबांची चिंता. त्यांचं पुढे काय झालं? तर तीही गोष्ट आहे, आणि ती मी सांगावी की नाही, यावर पाण्याची अर्धी बाटली संपेपर्यंत विचार केला. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल यांचा जन्म सरगोध्याचा, आताच्या पाकिस्तानातला. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते आपलं जन्मगाव बघायला गेले. तिथे ज्यांनी त्यांचा पाहुणचार केला, ते पाकिस्तानी सैन्यातले निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. निघायच्या आदल्या रात्री या यजमानांनी सांगितलं : तुमच्या मुलाच्या रणगाड्यावर शेवटचा गोळा झाडणारा मीच होतो.

‘‘मग त्या बाबांनी काय केलं? मारलं त्याला?’’

‘‘नाही. दोघांनी दुसऱ्या दिवशी एकत्र फोटो काढला. त्याने तो नंतर दिल्लीला पाठवला, आणि त्यावर अरुण किती शूर होता ते लिहिलं.’’

‘‘शत्रूने लिहिलं?’’

‘‘हो.’’

अर्णवने वही बंद केली. ‘‘मला घरी जायचंय.’’

जेवायला थांबलो तर त्याने अर्धी चपाती चिवडली. माझ्या पोटात गोळा. ताईला मेसेज केला, ‘जरा जास्तच सांगितलं बहुतेक.’ तिचा उलट मेसेज : ‘तुला मुलं नाहीत ना, म्हणून!’ लागलं मला ते. पण तिचंही बरोबर. नऊ वर्षांच्या मुलाला किती सांगायचं, याची पट्टी कुठे छापलेली नसते. रक्त आणि जखमा मी टाळल्या, ते ठीकच झालं असं अजून वाटतं. बापाची गोष्ट मात्र घरी येऊन, अंथरुणावर, त्याच्या आईच्या कुशीत सांगायला हवी होती. पार्किंगमध्ये उभं राहून नव्हे.

तुम्ही कुणा छोट्याला घेऊन जाणार असाल, तर माझ्या चुका करू नका. पुण्यापासून अंतर साधारण १२० किलोमीटर, म्हणजे सकाळी लवकर निघा, दुपारच्या उन्हात ते पोलाद भट्टीसारखं तापतं. टोप्या आणि पाणी विसरू नका. लष्करी भाग असल्याने ओळखपत्र जवळ असू द्या आणि वेळ आधी विचारून घ्या. सगळी पन्नास वाहनं बघायचा हट्ट तर अजिबात नको. तीन-चार निवडा, आणि निवड पोराला करू द्या. वही-पेन्सिल मस्ट! फोटो काढला की मुलं पुढे पळतात, चित्र काढायला बसली की आपोआप प्रश्न पडतात. नगरचा भुईकोट किल्लाही बघण्यासारखा आहे. १९४२ ते ४५ पंडित नेहरू तिथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. आमचा राहिला. आमच्याकडे एका दिवसाला पुरेसं झालं होतं.

परतीच्या वाटेवर शिरूरपर्यंत शुकशुकाट. मला वाटलं झोपला. तर मागून आवाज आला, ‘‘मावशी, ड्रायव्हर खाली एकटाच असतो, मग त्याला वरचे लोक दिसतात का?’’

‘‘नाही दिसत बहुतेक. हेडफोनवरून बोलतात.’’

‘‘मग त्याला भीती वाटत असेल.’’

सोसायटीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई खालीच उभी. ‘‘काय काय पाहिलं?’’ तिने विचारलं. मला वाटलं आता पिप्पा, पॅटन, रोल्स रॉइस, सगळी यादी येईल. तो म्हणाला, ‘‘आत जागाच नसते गं आई. अजिबात.’’ आणि सरळ जिन्याने वर गेला. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजल्याचं आम्ही दोघींनी ऐकलं. दार उघडलं, काहीतरी बोलणं झालं, दार बंद झालं. तो एकटाच खाली आला. ‘‘अयान नाही म्हणतोय यायला.’’ ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. कोणीच काही बोललं नाही.

मंगळवारी मी ऑफिसात होते, रिलीजच्या गडबडीत, तेव्हा ताईने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. बाथरूममधला निळा टब, टबात पाणी, तळाशी तो हिरवा प्लॅस्टिकचा रणगाडा. काठावर दोन डोकी वाकलेली. खाली ताईने लिहिलं होतं : ‘पिप्पा बुडतोय. दोघं मिळून थर्माकोल चिकटवतायत. अयानची एक अट आहे, कमांडर तो. अर्णव अजून विचार करतोय.’